जपानमधल्या ‘पकडा आणि खा’ तळ्यावर एक दिवस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च संपून थंडी ओसरली की टोकियोतल्या ओळखीच्या मराठी घरांतून तेच प्रश्न येऊ लागतात. कोणाचे आईबाबा भारतातून आलेले असतात, कोणाच्या मुलांना सुट्टी असते, आणि ‘ते तळं, जिथे मासा पकडून तिथेच भाजून देतात’ तिथे जायचं असतं. गेली काही वर्षं एकेकाला वेगवेगळी उत्तरं लिहीत होते, ती आता एकत्र केली आहेत. घाईत असाल तर निदान प्रश्न ५ वाचून मगच निघा.

१. त्सुरिबोरी म्हणजे नक्की काय?

‘त्सुरी’ म्हणजे गळ टाकून मासे पकडणं आणि ‘होरी’ म्हणजे खणलेलं तळं किंवा खंदक. जोडून म्हणताना ‘होरी’चं ‘बोरी’ होतं. पैसे भरायचे, काठी घ्यायची आणि पाळलेले मासे पकडायचे, अशी ही जागा.

सगळ्या जागा सारख्या नसतात. डोंगरात झऱ्याचं थंड पाणी खेळवलेली दगडी किंवा सिमेंटची तळी असतात. काही ठिकाणी खऱ्या नदीचाच एक पट्टा दगड रचून अडवतात आणि त्यात मासे सोडतात. अशा जागेला बहुधा ‘कानरी त्सुरिबा’ म्हणतात. या दोन्हीकडे मासा भाजून मिळतो. शहरातली कार्प माशांची तळी मात्र निव्वळ विरंगुळ्याची. टोकियोत इचिगाया स्टेशनला लागून, जुन्या खंदकाच्या काठावर असं एक प्रसिद्ध तळं आहे. तिथला मासा खायचा नसतो, तेव्हा भूक घेऊन तिथे जाऊ नका.

२. तिथे कोणते मासे मिळतात? चव कशी असते?

सर्वांत जास्त दिसतो तो निजिमासु, म्हणजे इंद्रधनुषी ट्राउट. अंगावर काळे ठिपके आणि कुशीवर गुलाबी पट्टा असतो. हा मूळचा जपानचा नाही. १८७७ साली अमेरिकेतून त्याची अंडी आणली गेली आणि पुढे तो इथलाच होऊन गेला. फुजिसानच्या, म्हणजे फुजी पर्वताच्या, पायथ्याचं फुजिनोमिया शहर त्याच्या पैदाशीसाठी ओळखलं जातं, कारण डोंगरातून झिरपून येणारं पाणी वर्षभर थंड असतं.

यामामे आणि आमागो हे डोंगरी ओढ्यांतले इथले मूळ मासे. दोघांच्याही कुशीवर बोटांचे ठसे उमटावेत तशा लांबट निळसर खुणा असतात. आमागोवर त्याशिवाय बारीक लाल ठिपके असतात आणि तो पश्चिमेकडे जास्त मिळतो. इवाना डोंगरात सर्वांत उंचावरच्या, गार पाण्यात राहणारा, फिकट ठिपक्यांचा.

आपल्या जिभेच्या हिशेबात सांगायचं तर समुद्राचा वास अजिबात नाही, बांगड्याचा उग्रपणा नाही आणि मांस नाजूक पापुद्र्यांचं. निजिमासु सौम्य लागतो. यामामे आणि इवाना जास्त चवदार, म्हणून महागही. पहिल्यांदा जात असाल तर निजिमासु घ्या; तो गळाला सहज लागतो.

३. परवाना लागतो का?

तळ्यावर नाही. मोकळ्या नदीत मासेमारी करायची असेल तर तिथल्या मच्छीमार सहकारी संस्थेचं तिकीट, म्हणजे ‘यूग्योकेन’, काढावं लागतं. शिवाय यामामे-इवानाला बहुतेक नद्यांत ऑक्टोबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत बंदी असते. तळ्यावर पैसे भरले की झालं, आणि हिवाळ्यातही मासेमारी चालते.

४. चार माणसांच्या कुटुंबाला किती खर्च येतो?

जागेनुसार फरक पडतो, पण पद्धती दोनच. पहिलीत काठी आणि आमिषाचे दोन-पाचशे येन भरायचे आणि जेवढे मासे पकडाल त्यांचे पैसे नगावर किंवा वजनावर द्यायचे. निजिमासुला नगामागे साधारण तीनशे ते सहाशे येन पडतात. साफ करणं आणि भाजणं याचे शंभर-दोनशे वेगळे. दुसरी पद्धत नदीच्या पट्ट्यांवर असते: दिवसाचे माणशी तीन-चार हजार येन, आणि त्यात ठराविक मासे तुमच्यासाठी पाण्यात सोडतात.

लहान मुलं असतील तर पहिली पद्धत बरी. चौघांत दोन काठ्या पुरतात. माणशी एक काठी घेण्याचा मोह टाळा; कारण पुढच्याच उत्तरात आहे.

५. पकडलेला मासा परत पाण्यात सोडता येतो का?

बहुतेक ठिकाणी नाही. काउंटरवर ‘काइतोरी’ असा शब्द दिसेल. त्याचा अर्थ, गळाला लागलेला प्रत्येक मासा विकत घ्यावा लागेल. गळ लागलेला मासा दुखावलेला असतो. परत सोडला तर अनेकदा मरतो आणि बाकीच्यांत रोग पसरायची भीती राहते, म्हणून हा नियम आहे. मला तो योग्य वाटतो.

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा हे नीट विचारलं नव्हतं. तीन काठ्या घेतल्या. तळं सकाळी नुकतंच उघडलेलं, मासे भुकेले. धाकट्याने आमिष टाकायचं आणि दोऱ्यावरचा तरंगता बोया बुडायचा, असं सुरू झालं. अर्ध्या तासात बादलीत सतरा मासे होते आणि आम्ही खाणारे चौघं. सतराही मासे घ्यावे लागले. सात तिथे खाल्ले, दहा बर्फात घालून घरी आणले आणि रात्री अकरापर्यंत ते साफ करत बसलो. पैशांचं फार वाटलं नाही. पण बादलीत एकमेकांवर आपटणारे ते मासे बघून मोठीने विचारलं, “आई, आपल्याला एवढे हवे होते का?” हवे नव्हते.

तेव्हापासून तळ्यावर पाऊल टाकण्याआधी आकडा ठरवतो. माणशी दोन मासे म्हणजे पोटभर. आठ झाले की काठ्या परत. मुलांना हे आधीच सांगा, म्हणजे आठव्या माशाला रडारड होत नाही.

६. टोकियोहून कुठे जावं?

गाडी नसेल तर पश्चिमेचा डोंगराळ भाग सर्वांत सोयीचा. शिंजुकूहून चुओ आणि ओमे मार्गाने ओकुतामा स्टेशन साधारण दोन तासांवर आहे. हिकावाचा ट्राउटचा पट्टा तिथून चालत जाण्याइतका जवळ. मुसाशी-इत्सुकाइचीच्या बाजूला आकिगावा नदीकाठीही असे पट्टे आहेत आणि प्रवास थोडा कमी होतो. टोकियोच्या पूर्वेकडच्या निशी-कासाईहून निघणाऱ्यांनी वर आणखी अर्धा-पाऊण तास धरावा. सकाळी साडेसहा-सातला घर सोडलं तर दिवस नीट हाताशी लागतो.

फुजिसानच्या पायथ्याशी आणि नागानो, गिफूच्या डोंगरांतही भरपूर तळी आहेत, पण तिथे गाडी हवी. निघण्याआधी त्या दिवशी तळं चालू आहे का ते पाहून घ्या. आठवड्यातला एखादा वार बंद असतोच.

७. कोणत्या ऋतूत आणि किती वाजता जावं?

निजिमासु हा थंड पाण्याचा मासा. पाणी दहा-पंधरा अंशांवर असलं की तो चपळ असतो आणि खातो. विसाच्या वर गेलं की सुस्तावतो. म्हणून एप्रिल ते जून आणि मग ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. भर उन्हाळ्यात झऱ्याच्या पाण्यावरची तळी चालतात, नदीच्या पट्ट्यांवर दुपारी मासे सुस्तावतात. एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यातल्या सुट्ट्या आणि ऑगस्टच्या मध्याचा ओबोन हा पूर्वजांचा सण, या दिवसांत शक्यतो जाऊ नका. भाजायच्या रांगेतच तास जातो.

वेळ सकाळची. मासे भुकेले असतात आणि निखारे ताजे.

८. सामान काय न्यावं? काठी-गळ विकत घ्यावा का?

काठी, गळ, आमिष, बादली, जाळी सगळं तिथे मिळतं. काठी साधी असते, चक्री नसते. काठीच्या टोकाला काठीएवढाच दोरा, त्यावर छोटा बोया आणि खाली गळ. काही ठिकाणी स्वतःची काठी आणायला मनाई असते.

घरून न्यायचं ते असं: हात पुसायला जुना पंचा, ओलं न होणारे आणि न घसरणारे बूट, मुलांसाठी कपड्यांचा एक जादा जोड, शीतपेटी आणि सुटी नाणी. डोंगरातली बरीच तळी अजून रोखच घेतात. चांगले लोकरीचे कपडे घालू नका, धुराचा वास आठवडाभर जात नाही.

९. मासे समोर फिरतायत, पण गळाला लागत नाहीत. काय चुकतंय?

दहापैकी आठ वेळा खोली चुकलेली असते. जपानी लोक माशांच्या पातळीला ‘ताना’ म्हणतात, म्हणजे फळी. मासे ज्या फळीवर आहेत तिथेच आमिष पोचलं पाहिजे. बोया दोऱ्यावर वर-खाली सरकवा. थंडीत मासे तळाशी असतात, सकाळच्या उन्हात थोडे वर येतात.

दुसरी चूक आमिषाच्या आकाराची. पिठाचा गोळा देतात, त्यातून हरभऱ्याच्या दाण्याएवढी गोळी करा आणि गळाचं टोक झाकलं जाईल अशी बसवा. लिंबाएवढी केली तर मासा कडेकडेने कुरतडून निघून जातो. माशाची लाल अंडी, म्हणजे इकुरा, मिळाली तर एकच दाणा पुरे.

तिसरी चूक सावलीची. ऊन पाठीशी घेऊन काठावर उभं राहिलात तर तुमची सावली पाण्यावर पडते आणि मासे दूर जातात. बसा, किंवा जागा बदला.

बोया थरथरला की थांबा. पूर्ण बुडाला की मनगट वर उचला, एवढंच. काठी जोरात हिसकली की एकतर मासा सुटतो किंवा दोरा मागच्या झाडात अडकतो.

१०. किती लहान मुलांना नेता येईल? मासा मारताना बघून घाबरली तर?

चार-पाच वर्षांचं मूल मोठ्यांच्या मदतीने काठी धरू शकतं. त्याहून लहान असेल तर ‘त्सुकामिदोरी’ आहे का ते विचारा. गुडघाभर उथळ पाण्यात मासे सोडतात आणि मुलं हातांनी पकडतात. पाणी बर्फासारखं असतं, तेव्हा टॉवेल जवळ ठेवा. काठावर मात्र कायम एक मोठं माणूस हवं, तळं उथळ दिसलं तरी.

मासा मारण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: लपवू नका, पण बघायची सक्तीही करू नका. माशाच्या डोक्यावर एक फटका देतात, क्षणात संपतं. आधी सांगितलेलं असलं की मुलं धीराने घेतात. जपानी घरांत जेवणाआधी हात जोडून ‘इतादाकिमास’ म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ ‘मी नम्रपणे स्वीकारतो’. इतर दिवशी तो शब्द सवयीने तोंडातून निघतो. तळ्यावर, तासाभरापूर्वी आपण पकडलेला मासा पानात असताना, मुलं तो खरंच म्हणतात.

११. मासा साफ करून देतात की आपणच करायचा?

बहुतेक ठिकाणी थोडे पैसे घेऊन देतात. ‘वाता’ म्हणजे आतडी, ती काढून हवीत असं सांगायचं. काही जागी सुरी आणि ओटा मोकळा असतो. घरी मासे साफ करत असाल तर नक्की करा.

निजिमासुचे खवले बारीक असतात, काढावे लागत नाहीत. पण अंगावर चिकटा भरपूर. मूठभर मीठ चोळून धुतलं की तो जातो आणि हातात मासा धरता येतो. मग शेपटीकडच्या भोकापासून गळ्यापर्यंत सुरीच्या टोकाने वरवर चीर द्या. खोल गेलात तर पित्त फुटतं. कल्ले उपटले की आतडीही सोबत येतात. आता पोटात मणक्याला चिकटलेला गडद लाल पट्टा दिसेल. वाहत्या पाण्याखाली अंगठ्याच्या नखाने तो शेपटीकडून डोक्याकडे खरवडून काढा. तो राहिला तर भाजलेल्या माशाला कडवट वास येतो. शेवटी आतून-बाहेरून कोरडा पुसा. ओला मासा भाजला जात नाही, वाफवला जातो.

१२. शिओयाकी कसं करतात? त्यात फक्त मीठच असतं का?

‘शिओ’ म्हणजे मीठ, ‘याकी’ म्हणजे भाजलेलं. मिठाशिवाय खरंच काही नसतं आणि तरी चव येते, ती दोन गोष्टींमुळे.

पहिली गोष्ट टोचण्याची. बांबूची काडी तोंडातून घालून, मासा नागमोडी वळवत मणक्याला वेढा देत शेपटीजवळ आणतात. मासा ओढ्यात प्रवाहाविरुद्ध पोहत चाललाय असं दिसतं, आणि मणक्यात अडकल्यामुळे तो काडीवर फिरत नाही. मीठ वीतभर उंचीवरून सोडतात, म्हणजे सगळीकडे सारखं पडतं. पर आणि शेपटीला मात्र चिमटीने दाबून जाड थर देतात. तो थर खाण्यासाठी नसतो, पर जळू नयेत म्हणून असतो.

दुसरी गोष्ट विस्तवाची. इरोरी म्हणजे राखेने भरलेली चौकोनी चूल. मध्ये कोळशाचे निखारे आणि भोवती राखेत काड्या रोवलेल्या, माशांची डोकी खाली. जपानी सांगतात, विस्तव कडक हवा आणि लांब हवा. ज्वाळा लागली तर कातडी काळी होते आणि आत कच्चं राहतं. लांबून भाजताना चरबी हळूहळू डोक्याकडे उतरते आणि डोकं स्वतःच्याच चरबीत तळलं जातं. वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या माशाला अर्धा-पाऊण तास लागतो. इवाना तासभर ठेवला तर डोकं आणि बारीक काटेही कुरकुरीत होतात.

त्या अर्ध्या तासात परत गळ टाकायला जाऊ नका (प्रश्न ५). चुलीशेजारी बसा. कातडी आधी पिवळी, मग सोनेरी होते, मिठाचे दाणे पांढरे फुलतात, आणि तोंडातून चरबीचा थेंब राखेत पडला की चर्रकन आवाज येतो.

१३. आपला मसाला लावून भाजता येईल का?

चूल तळ्याच्या लोकांची असेल तर लावू नका. मसाला गळून राखेत पडतो, जळतो, आणि शेजारच्या कुटुंबाच्या माशाला वास लागतो. स्वतः भाजायची शेगडी भाड्याने मिळत असेल तर विचारून जरूर लावा.

माझा सल्ला: पहिला मासा मिठाचा खा, बरोबर लिंबाची फोड ठेवा. उरलेले घरी आणून हळद, मीठ, लाल तिखट, आलं-लसूण आणि थोडं कोकमाचं आगळ लावून, तांदळाचं पीठ आणि रव्यात घोळवून तळा. मांस नाजूक असल्याने रश्श्यात तुकड्या फुटतात. कालवण करायचंच असेल तर मासा शेवटी सोडा आणि डाव घालू नका.

१४. चॉपस्टिक्सने काटे कसे काढायचे?

काडीवरचा मासा हातानेच खातात. काडीची दोन टोकं धरा आणि पाठीकडून चावा घ्या. ताटलीत हवा असेल तर मासा गरम असतानाच काडी जरा पिळून ओढा. मग चॉपस्टिक्सने पाठ आणि पोट हलके दाबा, शेपटी मोडा, कल्ल्यांमागे कातडी सोडवा आणि डोकं धरून सावकाश ओढा. मधला काटा अख्खा बाहेर येतो. मासा थंड झाला की हे जमत नाही.

१५. इतका ताजा आहे, तर कच्चा खाता येईल का?

स्वतः कापून अजिबात नको. गोड्या पाण्यातल्या माशांत परजीवी असू शकतात, आणि ताजेपणाचा त्याच्याशी संबंध नाही. वेगळ्या पाण्यात, ठराविक खाद्यावर वाढवलेल्या मोठ्या ट्राउटची साशिमी, म्हणजे कच्चे काप, काही ठिकाणी देतात. ती त्यांच्या स्वयंपाकघरातून आली तर खा. गळाला लागलेला मासा भाजूनच.

१६. सासूबाई शाकाहारी आहेत. त्यांनी काय खायचं?

घरून डबा न्या, हे खरं उत्तर. यादीत सोबा किंवा उदोन या शेवया दिसतील, पण त्यांच्या रश्शात सुक्या बोनिटो माशाचा अर्क असतो. मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण, त्याच्या सूपमध्येही तो बहुधा असतोच. कोन्याकू या कंदापासून केलेल्या जेलीसारख्या वड्यांवर मिसो लावून देतात, त्या मिसोतही तो असू शकतो, म्हणून विचारून घ्या. साधा भात, भाजलेलं रताळं आणि मक्याचं कणीस ही सुरक्षित नावं. बाहेरचं खायला बंदी असलेली तळी असतात. फोनवर आधी सांगितलं तर वयस्कर माणसाच्या डब्याला आम्हाला कधी कोणी नाही म्हटलेलं नाही.

संकष्टी किंवा श्रावणातला सोमवार असेल तर सरळ दुसरा दिवस निवडा. घरातली अर्धी माणसं नुसती बघत बसली की कोणालाच गोड लागत नाही.

१७. उरलेले मासे ट्रेनने घरी कसे आणायचे?

साफ करून, कोरडे पुसून, पिशवीत घालून बर्फात. आतडी आत ठेवून कधीच नाही. उन्हाळ्यात दोन तासांत वास सुटतो. बर्फ बऱ्याच तळ्यांवर विकत मिळतो. ट्रेनमध्ये शीतपेटीचं झाकण घट्ट असू द्या आणि वरून एक पिशवी घाला. फ्रिजमध्ये एक-दोन दिवस, त्यापुढे फ्रीझर.

१८. माशाने गळ गिळला, किंवा गळ बोटात घुसला तर?

गिळला असेल तर ओढू नका, कर्मचाऱ्याला हाक मारा. त्यांच्याकडे गळ सोडवायचं साधन असतं आणि दोन सेकंदांचं काम असतं. बोटात घुसला आणि काट्याचा उलटा दात आत गेला असेल तर उपटू नका, मांस फाटतं. दोरा कापा, गळ हलू नये म्हणून वरून हलकं झाका आणि जवळच्या दवाखान्यात जा. मुलं गळ मागे फेकायला लागली की सर्वांत आधी शेजारच्याच्या कानाला धोका असतो. तेव्हा फेकायचं नाही, सोडायचं.

१९. पाऊस असेल तर जावं का?

तळ्याला छप्पर असेल तर रिमझिम पावसात मासे उलट चांगले लागतात. नदीच्या पट्ट्यावर मात्र आदल्या रात्री डोंगरात पाऊस झाला असेल तरी जाऊ नका. तुमच्या डोक्यावर ऊन असताना पाणी चढू शकतं. तुफानानंतर पट्टे अनेक दिवस बंद राहतात.

२०. जपानी येत नाही. चालेल?

चालेल. चार वाक्यं पुरतात. ‘काइतोरी देस का?’ म्हणजे पकडलेला विकत घ्यावाच लागतो का. ‘शिओयाकी ओनेगाइशिमास’ म्हणजे मीठ लावून भाजून द्या. ‘वाता ओ तोत्ते कुदासाइ’ म्हणजे आतडी काढून द्या. ‘योयाकु’ म्हणजे आगाऊ नोंदणी. बाकी बोटांनी आकडे दाखवा.

२१. डोंगरात जायला वेळ नाही. शहरात असं काही आहे का?

आहे. ‘झाउओ’ नावाच्या उपाहारगृहांत टेबलांशेजारीच समुद्री माशांची मोठी तळी असतात. ‘ताई’ (सी ब्रीम), ‘आजी’ (हॉर्स मॅकरेल) असे मासे पकडायचे आणि तळून, भाजून किंवा साशिमी करून घ्यायचे. आजीआजोबांना चढ-उतार झेपत नसेल तेव्हा ही जागा उत्तम. नियम इथेही तोच: लागला की घ्यायचा, आणि ‘ताई’सारखा मासा नगाला महाग पडतो. लहान मुलाच्या हाती काठी देण्याआधी कोणत्या तळ्यात काय आहे ते पाहा.

२२. दिवसभर बसूनही एकही मासा लागला नाही तर उपाशी परतायचं का?

नाही. रिकाम्या हाताने परतण्याला जपानीत ‘बोझु’ म्हणतात, म्हणजे मुंडन केलेला भिक्षू. तळ्यावर मात्र काउंटरवर सांगितलं की ते जाळीने मासा काढून, साफ करून भाजायला लावतात. त्याचे पैसे नेहमीसारखेच. मात्र हे तीन वाजायच्या आत सांगा. चार-साडेचारला निखारे विझवतात, आणि माशाला पाऊण तास लागतोच.